इशारा आलाय एवढंच सांग

अख्ख्या बडोद्यात माझ्या आवाजाला तोड नाही. म्हणून तर साहेबांनी मला बेडूक केलं.

हिरव्या स्पंजाचा बेडूक. आत मी. पोट पुढे, पाठीवर चेन, डोक्याच्या वर दोन मोठे प्लास्टिकचे डोळे. ते खोटे. माझे खरे डोळे बेडकाच्या तोंडात. तिथे काळी जाळी होती. जाळीतून मला जग दिसायचं, जगाला मी दिसायचो नाही. सोयच म्हणा. माझं थोबाड बघून कोणी काही विकत घेतलंय असं आजवर झालेलं नाही.

जागा होती भायलीकडची बंगल्यांची सोसायटी. क्लबहाऊस. बाहेर उन्हाचा नुसता जाळ, आत एसी. साहेबांच्या कंपनीचं हवामानाचं अ‍ॅप निघालं होतं, त्याचा कार्यक्रम. पैसे भरायचे, म्हणजे पाऊस कधी, वारा किती, सगळं तुमच्या फोनवर. दुसऱ्यांच्या आधी.

साहेब माइक घेऊन उभे राहिले. गुजरातीत बोलले, मधे मधे इंग्रजी टाकत. मग माझ्याकडे बोट केलं.

"सरकारी अंदाज म्हणजे काय? हा. हा ओरडतो, कधीतरी पाऊस येतो. कुठे येतो, किती येतो, विचारायचं नाही. फुकटात एवढंच मिळतं."

सगळे हसले.

"ओरड रे."

मी ओरडलो. डराव, डराव. जीव लावून ओरडलो. काम म्हणजे काम.

"उडी मार."

मारली. दुसरी मारली. तिसरीला फरशीवर पाय सटकला नि मी उताणा. स्पंजाच्या पोटामुळे उठता येईना. चारही पाय वर. कासव दिसत असणार. लोकांनी फोन काढले. दोन गुटगुटीत पोरं येऊन माझ्या पोटावर बसली. त्यांची आई म्हणाली, "स्माइल."

आत उकडून जीव चालला होता. पाणी, म्हटलं. स्पंजातून आवाज जाईना. बडोद्यात सगळ्यात मोठा आवाज माझा, नि पाणी मागितलेलं कोणाला ऐकू गेलं नाही. शेवटी मी डोकं काढायला हात वर नेले. साहेब पटकन जवळ आले. मराठीत बोलले, हळू, म्हणजे बाकीच्यांना कळायला नको.

"डोकं काढू नकोस. लोकांना बेडूकच बरा वाटतो."

बाहेर माळी लॉनला पाणी मारत होता. त्याला हाक मारली. "ह्याला पाणी पाज रे." मला धरून दारात नेलं. माळ्याने पाइपाचं तोंड बेडकाच्या तोंडाला लावलं. थोडं माझ्या घशात गेलं, बाकी सगळं आत. गळ्यातून छातीवर, छातीवरून चड्डीत, चड्डीतून मोज्यात. लोक टाळ्या वाजवायला लागले. वरसाद! वरसाद! म्हणजे पाऊस.

नि मी नाचलो.

नाच असं कोणी म्हटलं नव्हतं. तो माझा मीच नाचलो.

*

माझा धंदा भोंग्याचा. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, पायाशी बॅटरी, हातात माइक. साड्यांचा सेल, निवडणूक, हरवलेलं पोर, कोणाचं बेसणं. बेसणं म्हणजे माणूस गेल्यावर लोक भेटायला बसतात ते. ते कुठे आहे, किती वाजता आहे, हे आमच्याकडच्या गल्ल्यांमधून मी सांगतो. वाचता येत नाही. कोणीतरी वाचतं, मी ऐकतो, पाठ करतो. एकदा पाठ झालं की झोपेतही म्हणतो. बायको म्हणते, तू झोपेत काल मला अर्ध्या किमतीत विकलीस.

शाळेत गेलो होतो तसा. मास्तरांनी मला विचारलं, मी मास्तरांना हसवलं. त्यांनी दुसरं काही विचारलं, मी पुन्हा हसवलं. असं करत करत शाळा संपली. अक्षर एकही आलं नाही. मास्तर मात्र खूश होते.

आमचे लोक धुळ्याच्या बाजूचे. आजा गावात दवंडी द्यायचा. पाटलाचं काही सांगायचं असलं की हलगी घेऊन दारोदार. सांगायचं ते पाटलाचं, घसा आमचा. नि पाऊस नाही आला की धोंडी निघायची. एका पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला गुंडाळायचा, काठीला बेडूक बांधायचा नि घरोघर फिरवायचं. बाया दारातून त्या पोरावर पाणी ओतायच्या. लांबूनच. पाऊस यावा म्हणून. दवंडी पण आमच्याच घरावर, धोंडी पण आमच्याच घरावर. माझा बा ती धोंडी. मोठा झाला तसा गाव सोडून इथे मकरपुऱ्याच्या कारखान्यात लागला नि परत गेला नाही. का गेला नाही, मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं गाव लांब आहे म्हणून.

त्या कार्यक्रमानंतर मी आक्काकडे गेलो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नदीकडच्या शेवटच्या ओळीत राहते. विश्वामित्रीला लागूनच. घरात खाकरे करते. मळलेली कणीक, तवे, पिठाचे डबे नि खाकरा दाबायचं एक मशीन. नवरा गेल्यावर त्याच्यावरच दोन पोरींची लग्नं केली. तिला मी पाइपाची गोष्ट रंगवून सांगितली. मोज्यात पाणी कसं गेलं, नाचताना पचक पचक कसं वाजलं. मला वाटलं, हसेल.

आक्का लाटायची थांबली.

"आपल्या बाच्या अंगावर पण असंच ओतायचे," म्हणाली. "तो नाचायचा नाही पण."

मी म्हटलं, आक्का, ते गावचं. हे मार्केटिंग आहे.

ती परत लाटायला लागली.

*

साहेबांची नि माझी गाठ कशी पडली ते सांगतो. साहेब मूळ जुन्या शहरातल्या दांडिया बाजारचे. आजोबा संस्थानाच्या वेळी मोठे अधिकारी, वडील प्रोफेसर. घरात अजून शुद्ध मराठी. ऑफिस आता काचेच्या बिल्डिंगीत. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून खुर्चीतून अर्धे उठले.

"अरे वा, मराठी! म्हणजे घरचाच माणूस. आडनाव काय?"

सांगितलं.

"अच्छा."

परत बसले. एका अच्छात घरचा माणूस अंगणात गेला. नंतर कधी तुम्ही झालो नाही, बस म्हटलं नाही, चहा आला तो कागदाच्या कपात. त्यांचा स्वतःचा चिनी मातीचा. मला काय, कागदाचा कप बरा, धुवायला लागत नाही. असं मी स्वतःलाच सांगायचो. स्वतःला फसवायला मला भोंगा लागत नाही.

ऑफिसच्या गच्चीवर एक यंत्र होतं. तीन वाट्या गोल गोल फिरायच्या. साहेब सगळ्यांना ते दाखवायचे. हे आमचं स्वतःचं. मी रोज सकाळी रिक्षा लावली की खालून त्याला हात जोडायचो. इंद्रदेव समजून. एक दिवस हेतलबेनने पाहिलं. हेतलबेन ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, माझा मजकूर तीच मला वाचून दाखवायची. ती म्हणाली, "काका, एनो वायर क्यांय जोडेलो ज नथी."

वायर कुठे जोडलेलीच नव्हती. वाऱ्याने फिरत होतं इतकंच. रसाच्या गाड्यावरचं भिंगरं फिरतं तसं.

"मग पाऊस कळतो कसा?" मी विचारलं.

तिने दाखवलं. सरकारच्या हवामान खात्याचं पत्रक. रोज निघतं. कोणीही बघा, पैसा नाही. निघालं की ही बाई ते उघडणार, त्यातलं उचलणार, कंपनीचा रंग लावणार, कोपऱ्यात बेडूक काढणार. पैसे भरलेल्यांना लगेच पाठवायचं. न भरलेल्यांना अर्धवट, उशिरा, वर लिहायचं की पुढचं वाचायला पैसे भरा.

"एटले सरकारनुं ज?"

"सरकारनुं ज, काका."

आता माणसाला इथे राग यायला पाहिजे. मला आला नाही. मला साहेबांचं कौतुक वाटलं. म्हटलं, काय डोकं आहे! नळाचं पाणी नळाखालीच बाटलीत भरून विकतात. मी तर वस्तीत येऊन फुशारकी मारायचो. सरकारी हवामान म्हणजे सरकारी दवाखान्यातली गोळी, डोकं दुखो नाहीतर टाच, एकच. खरं पाहिजे तर आमच्या कंपनीचं. आमच्या! लोक हसायचे. लोक हसले की मला दुसरं काही लागत नाही. शेजारची पोरं मला देडको म्हणायला लागली. गुजरातीत बेडूक. मी वळून बघायचो, ओ द्यायचो.

वस्तीतल्या फोनवर सरकारचं सगळं येत असणार. टीव्हीवर पण येत होतं. पण आमच्याकडे सवय भोंग्याची. भोंगा बोलला तर खरं. नि भोंगा तर मी.

*

श्रावण सरत आला होता. सकाळी ऑफिसात गेलो तर हेतलबेन गप्प. एरवी कॉम्प्युटरशी पण बोलते.

"रेड छे काका," म्हणाली. लाल इशारा. लाल म्हणजे काय, विचारलं. लाल म्हणजे आता बघत बसू नका, उठा. खूप पडणार आहे, आपल्याकडे पण नि वर तलावाच्या बाजूला पण. वर पडलं की ते पाणी नदीत उतरतं, नि नदी आमच्या दारात. हे सांगायला मला खातं लागत नाही, आक्काच्या भिंतीवर जुन्या पाण्याच्या रेघा आहेत, पोरांची उंची मोजल्यासारख्या.

साहेब आतून आले. खुशीत. लग्नघरातला माणूस असतो तसे.

"आज आपला दिवस आहे. तू सूट घाल आणि सगळ्या सोसायट्या फिर. लाल इशारा आला आहे, असं सांग. मोठ्याने."

"बरं. नि काय येणार ते?"

"ते नाही सांगायचं. इशारा आलाय एवढंच सांग. काय आलाय, ते अ‍ॅपमध्ये."

मी मान डोलवली, डोकं सोडून सूट चढवला. पाठ करायला सोपंच होतं. मग काय सुचलं देव जाणे, विचारलं. हात जोडून विचारलं, ते पण सांगतो.

"साहेब, आधी जरा आमच्या वस्तीत जाऊन येऊ का? नदीवरच आहे."

साहेब हसले. वाईट माणसासारखे नाही. चांगले हसले. माझ्या खांद्याच्या स्पंजावर हात ठेवला.

"तुझ्या वस्तीला अंदाज कशाला रे? पायाला ओलं लागलं की तुम्हाला कळतंच."

मी हसलो.

जोरात हसलो. टाळी द्यायला हात पण पुढे केला. त्यांनी दिली नाही.

बेडूक लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याने उतरायला लागलो. तोंडावर हसू तसंच. थांबवायला गेलो तर थांबेना. गाल दुखायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसू काही उतरेना. एका मजल्यावर काचेत माझं रूप दिसलं. बेडकाचं डोकं काखेत नि वर माझं तोंड, दात काढलेलं. तेव्हा कळलं, हे हसू माझं नाही. हे मला मिळालंय. पाटलाच्या वाड्यासमोर हलगी खाली ठेवून आजा हेच हसला असणार. पाल्यातून पाणी गळताना बा हे हसला नसेल म्हणूनच गाव सोडून आला. नि त्याचा पोरगा इथे, एसीमध्ये, पगारावर हे हसत होता. स्वतः होऊन. वर टाळी मागत होता.

थू, म्हटलं. काचेवर थुंकणार होतो. पण मग झाडूवाली बाई पुसणार. गिळलं.

परत वर चढलो. साहेब फोनवर होते. हेतलबेनला म्हटलं, "वाचून दाखव. कंपनीचं नको. सरकारचं."

तिने दाराकडे पाहिलं. "एमां शुं काका, ए तो बधा माटे ज छे." सगळ्यांसाठीच आहे ते. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मी ओठ हलवत पाठ करत होतो. आकडा काही राहीना डोक्यात, तो सोडून दिला.

*

रिक्षा घेऊन निघालो. फ्लायओव्हरवर एका बाजूला गाड्याच गाड्या लावलेल्या. चकाचक. वर कव्हरं घातलेली. मला कळेना, आज पुलावर लग्न आहे का कोणाचं. मग डोक्यात उजेड पडला. पैसे भरलेल्यांना काल संध्याकाळीच कळलं होतं. पत्रक कालच निघालं होतं. त्यांच्या मोटारी सुद्धा उंचावर जाऊन बसल्या होत्या. माझी बहीण खाली खाकरे भाजत होती.

सूट उतरवायला गेलो. चेन अडकली. जाऊ दे म्हटलं. तसाच वस्तीत शिरलो, सवयीने डोकं पण चढवलं, माइक चालू केला, तोंड उघडलं, नि माझ्या तोंडातून काय बाहेर पडावं?

"आवो आवो आवो! जल्दी करो! मोको चूकशो नहीं!"

सेलचा सूर. इतकी वर्षं लावलेला. मजकूर पावसाचा, चाल साड्यांची. लाल इशारा, लाल इशारा, असं मी म्हणतोय नि बाया पिशव्या घेऊन बाहेर येतायत.

"शुं छे आजे? देडकानो सेल?"

"ए, लाल काय आहे? टॉमेटो?"

आक्का पण आली, हात पिठाचे. "काय स्वस्त झालं रे?"

मी सांगतोय, पाणी येणार, सामान वर न्या. जितका जोर लावतो तितके हसतायत. एक जण म्हणाला, "पैसे भरा मग खरं कळेल, तूच म्हणत होतास ना?" त्याचं बरोबर होतं. मीच म्हणत होतो. इतका छान हशा मला कधी मिळाला नव्हता. नि तो मला नको होता. आयुष्यात पहिल्यांदा.

मी डोकं काढून रस्त्यावर टाकलं. माइक तोंडाशी धरला. नि बेसण्याचा सूर लावला.

तो सूर आमच्याकडे सगळ्यांना माहीत. खालचा, संथ. शब्दाशब्दाला थांबायचं. आधी वस्तीचं नाव, मग घराचं, मग कोण गेलं ते. "दुःख साथे जणाववानुं के..."

हसणं तुटलं. कापडासारखं. बायांनी पदर डोक्यावर घेतले. पत्ते खेळणारे उठून उभे राहिले. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आजी, सगळे त्यांना माजी म्हणतात, काठी टेकत पुढे आल्या.

"कोण गयुं, भाई?"

"अजून कोणी नाही, माजी. म्हणून तर आलोय."

मग त्याच सुरात सगळं सांगितलं. सरकारचं पत्रक आहे. कंपनीचं नाही. लाल इशारा आहे. लाल म्हणजे उठा. किती पडणार त्याचा आकडा मी विसरलो, पण लई पडणार. वरचं पाणी खाली येणार. म्हातारे, पोरं, गॅसच्या बाटल्या, कागद, आधी शाळेच्या वरच्या मजल्यावर. हे फुकट आहे. हे तुमचंच आहे. शेवटच्या ओळीपासून सुरू करा.

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, नि परत. घसा बसेपर्यंत. भर पावसात बॅटरी बसली, तेव्हा नुसत्या तोंडाने. हिरवा स्पंज पाणी पिऊन पिऊन इतका जड झाला की दोघांनी मला धरून चालवलं, तिसऱ्याने कात्रीने चेन कापली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदी वस्तीत आली. नुसतं पाणी घेऊन येत नाही ती, मगरी पण आणते. एक आक्काच्या ओळीत, देवळाच्या पायरीशी पडलेली. आम्ही शाळेच्या खिडकीतून बघत होतो. वस्तीतली माणसं सगळी वर होती. पिठाचे डबे वर होते. तवे वर होते. मशीन राहिलं. चार माणसांशिवाय हलणारं नव्हतं ते, नि चार माणसं आपापली घरं उचलत होती.

आक्का पाण्याकडे बघत म्हणाली, "काल सांगितलंस ते परवाच सांगता येत नव्हतं?"

परवाच निघालं होतं, आक्का. पण ते परवा मोटारींना सांगायचं होतं.

हे मी तिला बोललो नाही. घसाच नव्हता.

*

पाणी उतरलं. चिखल काढतोय तोवर साहेबांचा फोन. ये म्हणाले. मला वाटलं, शिव्या. सूट कापला होता त्याचं काहीतरी.

गेलो तर खुर्ची पुढे केली. बसा म्हणाले. बसा! चहा आला, चिनी मातीच्या कपात. मी कप उलटा करून बघितला, चुकून दुसऱ्याचा तर नाही ना.

कोणीतरी व्हिडिओ काढला होता. अर्धा बेडूक, अर्धा माणूस, रिक्षावर उभा, बेसण्याच्या सुरात ओरडतोय. बडोदाभर फिरत होता. साहेबांनी भिंतीएवढ्या टीव्हीवर लावला. गाण्याला दाद द्यावी तसे मान हलवत बघत होते.

"किती सुंदर! आपण ह्याची जाहिरात करायची. 'आमच्या बेडकाने वस्ती वाचवली.' तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर एवढंच बोलायचं, की इशारा तुम्हाला आपल्या अ‍ॅपमधून मिळाला."

कॅमेरावाला तयारच होता. माझ्यासाठी नवा सूट पण आणलेला. ह्याला पाठीवर चांगली चेन होती.

मी चहा प्यायलो. आधी चहा संपवला, मी काही संत नाही. मग म्हटलं, "अ‍ॅपमधून नाही मिळाला."

"ते कोण बघतंय?"

"सरकारचा होता. फुकटचा. तुम्ही तो मला सांगू नको म्हणाला होतात."

"अरे, आकडे सरकारचेच असतात. आम्ही ते लोकांपर्यंत पोचवतो. त्याला खर्च येतो."

"पुलावरच्या गाड्यांपर्यंत पोचवलात. माझ्या बहिणीपर्यंत नाही."

तुम्हीचा परत तू झाला. वेळ लागला नाही.

"तुला काय कळतं रे हवामानातलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "म्हणूनच मला आधी सांगायला पाहिजे. तुमच्याकडे तर गच्ची आहे."

"तुझ्यासारखे भोंगे छप्पन्न मिळतील."

"मिळतील. पण सूट तुम्हीच घाला. मापाचा वाटतोय."

नव्या बेडकाचं डोकं उचललं नि त्यांच्या टेबलावर ठेवलं, त्यांच्या तोंडासमोर. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बेडकाला निदान लाज वाटत असावी, तो तोंड उघडून होता. मी वळलो. छाती पुढे काढून, मागे न बघता, ताठ चालत गेलो नि काचेच्या दारावर कपाळ आपटलं. बंद होतं ते. टेंगूळ आठवडाभर होतं. हेतलबेनने दार उघडून दिलं. हसली नाही. पोरगी चांगली आहे.

*

आता ऐका, काय ठरलंय.

सरकारचं पत्रक रोज निघतं. हेतलबेन घरून निघायच्या आधी मला फोनवर वाचून पाठवते, जसंच्या तसं. मी ते पाठ करतो. रिक्षा निघाली की आधी ते. साड्या नंतर, निवडणूक नंतर, बेसणं असेल तर माणूस गेलाच आहे, तो पण दोन मिनिटं थांबेल. ज्याला चालत नसेल त्याने दुसरा भोंगा बघावा. दोघातिघांनी बघितला. मी काडेपेटी घेतो, बिडी घेतो, तेल घेतो, सगळ्यात सरकारचा वाटा आहे. त्या वाट्यातून ते खातं चालतं, ती यंत्रं चालतात, खरी, वायर जोडलेली. म्हणजे त्या अंदाजात माझ्या बिडीचा धूर आहे. तो अंदाज मलाच अर्धा देऊन उरलेला मलाच विकायला निघालेत, नि विकताना मलाच बेडूक करतात. दुकान लावा. लाखाची बिल्डिंग बांधा. माझी ना नाही. पण सरकारी म्हणजे भिकार, असं माझ्या तोंडून आता निघणार नाही. इशारा आलाय एवढंच, असं पण निघणार नाही. जो आलाय तो पूर्ण सांगीन. नदीकडच्या शेवटच्या ओळीला पहिल्यांदा सांगीन. पुलावरच्या मोटारींना त्यांच्या कंपनीने सांगावं. कोणी आडवा आला, तर त्याच्या दारात भोंगा लावून तिथून सांगीन. हसणं माझं मी हसीन. कोणाच्या अच्छाखाली नाही.

परवा हे सगळं मी आक्काच्या ओट्यावर बसून बोललो. जुनं मशीन गेलं ते गेलंच, आता हाताने दाबते, एक हात सुजलेला. माझं बोलणं तिने शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल.

"झालं?" म्हणाली. "काल तू उद्याचं आज म्हणून सांगितलंस. ऊन आहे म्हणालास, माझे वाळत घातलेले पापड भिजले. आधी नीट पाठ करत जा, मग भांड जगाशी."